वटीच्या धोंड्याखाली

माय, तुला जाऊन किती वर्षं झाली ते मी मोजत नाही. मोजून तू थोडीच येणार आहेस. तुला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिता येतं ते चौथीपुरतं, तरी बसलेय लिहायला. घरात हे बोलायला कुणी नाही. नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, झालं ते झालं, भाकरी टाक. पोराला सांगायला गेले तर उठून ढोरांकडं जातो. आणि सुनेला विचारायचं माझं धाडस होत नाही. माझं! जिला सारं गाव तोंडाळ म्हणतं, जिच्यापुढं ग्रामसेवक खुर्ची मागं सरकवतो, तिचं.

तुला सगळं ठाऊक आहे, पण मला पहिल्यापासून सांगू दे, नाहीतर माझं मलाच खरं वाटायचं नाही. आपल्या नदीला पूर आला की पाणी चढत चढत एका जागी थांबायचं. पुढंही येत नाही, मागंही सरत नाही, म्हशीसारखं नुसतं उभं राहतं. तेवढ्या वेळात काठाकडच्या शेवटच्या घरातल्या सवाशिणीनं पाण्याच्या कडेला जाऊन नदीची वटी भरायची. खण, नारळ, मूठभर तांदूळ. जिथं वटी ठेवली तिथं पाणी उतरल्यावर पुरुष माणसं एक धोंडा रोवायची. ते वटीचे धोंडे. पुढचा पूर त्याच्या खाली थांबला तर जुना धोंडा राहिला, वर चढला तर वर नवा. आणि त्या धोंड्याच्या खाली उंबरा घालायचा नाही, हा नियम. टरबुजाची वाडी लावा, खळं करा, ढोरं बांधा, दुपारचं झाडाखाली घोरत पडा, कुणी अडवत नाही. पण उंबरा नाही. म्हणजे घर नाही. कावून, असं विचारलं की तू म्हणायचीस, "उंबरा घालणं म्हंजी आवतन देणं. घर बांधलं की कुणी ना कुणी येतंच. मग पाणी आलं तर रडायचं न्हाई."

शेवटचं घर आपलं होतं, म्हणून वटी भरायची ती तू. मी पाहिलेलं नाही तुला वटी भरताना. माझ्या आठवणीत नदीला पाणीच नाही. माझ्या आठवणीत नदी म्हणजे पांढरी वाळू, तापलेले गोटे आणि मधोमध शेळ्यांनी पाडलेली वाट. तरी तू पलीकडच्या रानात जाताना धोंडा ओलांडला की लुगडं वर धरायचीस. कोरड्या वाळूत. पोटऱ्या उघड्या, दोन्ही हातात निऱ्या, पाय असा जपून टाकायचीस जसा तळ लागतो का नाही ते बघावं. आणि पलीकडच्या अंगाला वर चढलीस की निऱ्या सोडून काठ झटकायचीस. सगळ्याच बायका थोडंफार तसं करायच्या, पण त्या करायच्या देवळापुढं चप्पल काढावी तसं, सवयीनं. तू करायचीस ते खरं.

एकदा मी तुझ्यापुढं परकर लोळवत उड्या मारत गेले. तू मागून येऊन अशी एक ठेवून दिलीस की कान गरम झाला.

"परकर वर धर."

"कावून? पाणी कुठं हाय?"

"पाणी न्हाई म्हणून त्याची जागा तुझी झाली का गं? मालक गावाला गेला म्हणून कुणी त्याच्या बाजंवर झोपतं का?"

मी रडत रडत परकर धरला. मनात म्हणाले, ही बाई येडी हाय. आज इतक्या वर्षांनी तेच वाक्य मी ग्रामसभेत बोलले आणि लोक माझ्याकडं तसंच बघत होते, जसं मी तुझ्याकडं बघितलं होतं.

मग तो लांबलेला दुष्काळ आला. तुला आठवतो ना, ज्यात आपली काळी गाय चारा छावणीत नेली ती तिथंच राहिली. रानात काही उगवेना, तवा दुधाची संस्था निघाली. ज्यांच्याकडं अजून ढोरं तग धरून होती त्यांचं दूध गोळा करायचं, नेकनूरच्या गाडीनं पुढं लावायचं. चेअरमन चांगला माणूस होता, उगाच कशाला नावं ठेवू. बोलण्यात गोड, चालण्यात घाईचा. त्यानं संस्थेच्या इमारतीला जागा निवडली ती धोंड्याखालची. कारणही खरं होतं. कॅन धुवायला पाणी लागतं आणि गावात पाणी फक्त तिथल्याच एका हिरीला होतं. दुष्काळात सगळं गाव खाली खाली सरकतं, पाण्याच्या मागं मागं. शेळ्या सरकतात तसं.

पारावर बैठक बसली. बायका लांब उभ्या. तू पदर नीट करून मधेच बोललीस, "धोंड्याखाली उंबरा व्हईल, दादा."

चेअरमन हसला. तुझा अपमान करायला नाही, खरंच गंमत वाटून हसला. "मावशी, उंबरा घालतंय कोण? लोखंडी शटर बसवू. वर ढकललं की उघडं, खाली ओढलं की बंद. उंबऱ्याचं नावच न्हाई. तुमचा नियमबी राह्यला नि आमचं दूधबी राह्यलं."

माणसं मांड्या थोपटून हसली. एकजण म्हणाला, "आता बोल, म्हातारे." तू म्हातारी कुठं होतीस गं, आज माझं आहे त्याच्यापेक्षा कमी वय असेल तुझं. बोलायला जागाच नव्हती, नियमानं त्याचं बरोबर होतं. घरी येऊन तू चुलीपुढं बसलीस आणि पीठ मळताना एवढंच म्हणालीस, "नियम काय दाराला असतो व्हय." नंतर भाकरी करपली. तुझी भाकरी करपलेली मी त्याच दिवशी पाहिली.

इमारत झाली. विटांच्या भिंती, वर पत्रा, पुढं शटर. आणि कॅन धुवायला बाई पाहिजे होती, तर ती तूच गेलीस. मला राग आला होता. म्हटलं, काल नको म्हणत होती, आज तिथंच चाकरी. पण घरात खाणारी तोंडं होती आणि कामाला दुसरं काय होतं, खडी फोडायची? तू रोज धोंड्याशी यायचीस, निऱ्या उचलायचीस, तशीच चालत शटरातून आत जायचीस, आत सिमेंटच्या कोब्यावरसुद्धा लुगडं वर धरूनच. कोपऱ्यात कॅन ठेवायला ओटा होता, त्याच्यावर चढून बसलीस की मग निऱ्या सोडायचीस. दूध घालायला आलेली पोरं तुझी टर उडवायची.

"मावशी, आज पाणी किती?"

आणि तू काय करायचीस, माय? तू उत्तर द्यायचीस. न चिडता. "आज घोट्याला हाय." कधी "पोटरीला." एखाद्या दिवशी "गुडघ्याला हाय, पर ओढ न्हाई." पोरं पोट धरून हसायची. तो त्यांचा खेळच झाला होता, सकाळी आले की पाणी विचारायचं. मी पण एकदा त्यांच्यात हसले. मग मात्र एक गोष्ट मला दिसायला लागली. तू सांगायचीस ते आकडे रोज वेगळे असायचे, पण उगाच कमीजास्त नसायचे. हळूहळू चढत होते.

आतलं मी तुला कधी सांगितलं नाही ते सांगते. शाळा सुटली की मी तिथं यायचे. भर दुपारी दूध गेलेलं असायचं, तू बाहेर हिरीवर, आत मी एकटी. पत्रा उन्हानं तडतडायचा. बाहेर सगळं रान भाजलेलं आणि आत वास यायचा तो नव्या पाण्याचा, गढूळ, माती कालवलेला, काडीकचरा कुजल्याचा. आणि धुऊन ठेवलेले रिकामे कॅन एकमेकाला आपटायचे. जोरात नाही. हलकेच. टण्ण, जरा थांबून पुन्हा टण्ण. पाण्यावर घागरी तरंगत सोडल्या की आपटतात तसे. मी डोळ्यानं बघायचे तर कॅन जागच्या जागी. नजर दुसरीकडं वळवली की टण्ण. मी समजूत घालायचे, पत्रा तापतो, कॅन तापतात. मग कॅनना हात लावून बघितला तर गारढोण.

चेअरमनच्या पोराचं लग्न त्याच उन्हाळ्यात निघालं. त्यांचं घर पाडून नवं बांधायचं चाललं होतं, भिंती अर्ध्या होत्या, म्हणून ठरलं की नवरी आधी संस्थेतच उतरवायची. जागा मोठी, वर सावली. संस्थेला पताका लावल्या. नवरी दाराशी आली, मागं वाजंत्री, आणि करवल्या तांदळाचं माप घेऊन पुढं. आणि तिथं अडलं. माप ठेवायचं कशावर? उंबराच नाही. नवरीकडची एक आत्या होती, पाटोद्याकडची, लई कडक. ती म्हणाली, "उंबऱ्याबिगर माप लवंडून आमची पोर घरात येणार न्हाई. ही काय गोठ्यात चालली का?"

चेअरमन म्हणाला, "आत्याबाई, एका दिवसाचा उंबरा घालू की. हाय काय नि न्हाई काय." कुठूनतरी बाभळीची फळी आणली, शटरच्या तोंडाशी आडवी टाकली, हळदकुंकू लावलं.

तू त्या दिवशी कामाला नव्हतीस, पण आली होतीस. धोंड्याशी उभी होतीस. लग्नातलं कुणीतरी पोरगं ओरडलं, "मावशी, आज पाणी किती?" सगळी हसायला तयार. तू म्हणालीस, "कमरेला." आणि मग असं, अगदी बारीक आवाजात, "नवरीला म्हणावं, थांब." ते फक्त मी ऐकलं. नवरीनं उजवा पाय उचलला आणि माप लवंडलं. तांदूळ आत सांडले. सगळे टाळ्या पिटत आत गेले. मी पण गेले, मला बुंदी पाहिजे होती.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड गेलं, फळी काढली. तू आणि मी झाडायला गेलो. जमिनीवर एक दाणा नव्हता. तू खाली बघितलंच नाहीस, तू भिंतीकडं बघत होतीस. तांदूळ भिंतीला होते. चारी भिंतींना, एका ओळीत, सुतानं मारल्यासारखे सरळ. पूर ओसरला की भिंतीला भुस्कट चिकटून रेघ राहते, तशी रेघ. तुझ्या कमरेला, माझ्या छातीला. मी हात लावायला गेले तर तू माझा हात धरून मागं घेतलास आणि म्हणालीस, "त्याचं हाय ते."

चेअरमन आला, त्यानं बघितलं, म्हणाला, "पोरांनी हळदीच्या ओल्या अक्षता फेकल्या असत्याल." ओळीत? पण त्यानं तसं म्हटल्यावर सगळ्यांनी तसंच म्हटलं. वरून चुना मारून घेतला. चुना वाळला की त्याच्यातून दाणे पुन्हा वर दिसायला लागले. मग चुन्याचा नाद सोडला. नवरी सुखानं नांदली, तिला काही झालं नाही, तेही लिहून ठेवते. उगाच भुताची गोष्ट करायची नाही मला. पूरही आला नाही. चारा संपला, म्हशी बाजारात गेल्या, दूध आटलं आणि संस्था बंद पडली, शटर खाली ओढलं ते ओढलंच. तुझं धोंड्याशी जाणं तेवढं राहिलं.

तू गेलीस ती तापानं, बाजेवर, आपल्या घरात, धोंड्याच्या वर. तुला न्हाऊ घालताना तुझे पाय मी धुतले. तळवे पांढरे पडलेले, कातडी सुरकुतून भेगाळलेली, दिवसभर पाण्यात उभं राहिल्यावर होते तशी. मोठी चुलती म्हणाली, "कॅन धू धू बिचारीचे पाय असे झाले." माय, संस्था बंद पडून तवा कैक वर्षं झाली होती, माझं लग्न होऊन पोर चालायला लागलं होतं.

आता आत्ताचं सांगते. मी याच गावात दिली गेले, वरच्या आळीला, म्हणजे तुझ्या नजरेखालीच राहिले. पुन्हा दुष्काळ आहे. आम्ही बायकांनी दुधाची संस्था पुन्हा काढली, मी तिची चेअरमन आहे, हस बाई. दूध शाळेच्या व्हरांड्यात घेतो. जुन्या इमारतीची किल्ली संस्थेबरोबर माझ्याकडं आली, ती मी खिळ्याला अडकवून ठेवली आणि तिकडं फिरकले नाही. माझ्या पोराला घरकुल मंजूर झालं. सून तवा पोटुशी होती. आणि पंचायतीनं घरकुलाला जागा दिली ती कुठं, तर जुन्या संस्थेच्या शेजारी, ओळीनं. धोंडे तर राहिलेच नाहीत. रस्त्याची मोरी बांधताना ठेकेदारानं जेसीबीनं उचलून भरावात टाकले. एक राहिला, तो बाभळीनं मुळ्यांत धरलाय.

ग्रामसभेला तालुक्याहून साहेब आले होते. तरुण, बोलायला बरे. मी उठून विचारलं, तिथं घरं बांधायला परवानगी कशी? त्यांनी समजावून सांगितलं की मोठ्या नद्यांच्या पूररेषा आखलेल्या असतात, निळी आणि लाल. निळ्या रेषेच्या आत बांधायचं नाही, तिथून लाल रेषेपर्यंत अटी घालून बांधायचं. आपल्या नदीची रेषा कुणी आखलेलीच नाही.

"म्हंजी आमच्या नदीला पूर येत न्हाई?"

"तसं नाही, मावशी. पण रेषाच नाही तर मनाई कशाच्या आधारावर करायची?"

"आमची रेषा हाय की."

"कुठं आहे? दाखवा, मी लिहून घेतो."

"मोरीत घातली तुमच्या ठेकेदारानं."

सगळी सभा हसली. साहेबही हसले. मग मी ते तुझं बाजेचं वाक्य बोलले आणि हसणं थांबलं, पण पटलं म्हणून नाही. सरपंच म्हणाला, "काकू, नदीत वाळूसुद्धा राह्यली न्हाई, पाणी कुठलं घेऊन बसला." पोरगा मागं बसला होता, कान लाल झालेले. घरी येऊन माझ्यावर उखडला.

"आई, चारचौघात काय लावलंस? वर माळावर आपला पट्टा हाय, मान्य हाय. पर खडक हाय. पाया खणताना जीव जाईल. नि पाणी? वर पाण्याचा थेंब न्हाई. खाली बोअरला पाणी हाय. तुझी सून पोटात लेकरू घेऊन टँकरमागं पळंल का?"

तुझ्यासारखंच झालं बघ. त्याचं बरोबर होतं. सुनेला मी काही बोलले नव्हते. ती पाटोद्याच्या अंगाची, तिच्या गावाला नदीच नाही. धोंडे, वटी, लुगडं वर धरणं, यातलं एक अक्षर मी तिच्या कानावर घातलं नव्हतं. लाजच वाटायची. तू गेल्यावर मी स्वतःही निऱ्या उचलायचं सोडून दिलं होतं.

पाया झाला, आणि चौकट बसवायचा दिवस आला. सकाळचीच वेळ. टेंपोतून चौकट उतरवली, खाली सागाचा जाड उंबरा, त्याला आंब्याचा डहाळा बांधलेला. गवंडी, दोन मजूर, नवरा, पोरगा, सून. हळदकुंकू माझ्या हातून लागायचं होतं. मी ताट खाली ठेवलं आणि म्हटलं, आधी माझ्यासंगं संस्थेत चल. पोरगा म्हणाला, आता काय नवीन? मी म्हटलं, साहेबाला रेषा पाहिजे होती ना, ती तुला दाखवते.

कुलूप गंजलेलं, तेल घालून उघडलं. शटर दोघांनी मिळून वर ढकललं. आतून तोच वास आला, गढूळ पाण्याचा. इतक्या वर्षांच्या कोंडलेल्या खोलीला धुळीचा वास यावा का नाही? डोळे अंधाराला बसल्यावर मला रेघ दिसली. चारी भिंतींना, सरळ. लहानपणी ती माझ्या छातीला होती, तुझ्या कमरेला. आज मी तुझ्या एवढी आहे, तुझी पोलकी मला जशीच्या तशी बसतात. रेघ माझ्या कमरेला पाहिजे. ती माझ्या छातीला होती. अजून माझ्या छातीलाच.

"उधईच्या किड्यांनी वाट केलीय ती," पोरगा म्हणाला, आणि नखानं खरवडलं. एक दाणा त्याच्या तळहातावर पडला. त्यानं चिमटीत दाबला, तर तो चुरला नाही, चपटा झाला. भिजवून ठेवलेल्या तांदळासारखा. तो नुसता बोटांकडं बघत राहिला. मग हात पँटीला पुसला आणि म्हणाला, "ओल धरली असंल भिंतीनं." चाळीस फुटाखाली बोअरला पाणी, वर भिंतीला ओल.

तेवढ्यात सून शटराशी आली. "आत्याबाई, गवंडी म्हणतोय ऊन चढतंय," असं म्हणत ती आत पाऊल टाकणार, तो थांबली. तिनं खाली बघितलं. दोन्ही हातांनी निऱ्या उचलल्या, पार गुडघ्याच्या वर, पुरुष माणूस पुढं आहे ह्याचं भान न ठेवता, आणि पाय टाकला तो जपून, तळ चाचपत. दुसरा पाय. मग निऱ्या आणखी वर धरायला गेली आणि हात पोटाशी येऊन थांबले. माय, तिचे खांदे नव्हते ते. ते चालणं तुझं होतं.

मी कसं विचारलं मला माहीत नाही. तोंडातून निघालं. "किती हाय?"

तिनं विचारलं नाही, काय किती. ती म्हणाली, "पोटाला लागलंय, आत्याबाई. लई गार हाय." आणि मग, "लेकरू हललं."

पुढच्या क्षणाला ती दचकली, निऱ्या सोडल्या, नवऱ्याकडं बघून ओशाळली, कुणी भर बाजारात झोपेतून उठवावं तशी. पोरानं तिचा दंड धरून तिला उचलल्यासारखीच बाहेर नेली. बाहेर गवंडी चौकटीला ओळंबा लावायच्या तयारीत. पोरगा म्हणाला, "उचला चौकट."

"उचलून कुठं न्यायची?"

"माळावर."

"अहो राव, खडक हाय तिथं. येडे का खुळे?"

"तुमी उचला." आणि चौकटीचं एक टोक त्यानं स्वतः खांद्यावर घेतलं. टेंपोवाल्याला थांब म्हणायचंसुद्धा त्याला सुचलं नाही. तसाच चालत वर गेला. मजूर मागून पळत.

घर माळावर झालं. खडक फोडून पाया पुन्हा खणला, हातांना फोड आले, पोरगा माझ्याशी बरेच दिवस बोलला नाही आणि नंतर बोलायला लागला तर त्या दिवसाचं सोडून सगळं बोलला. बोअरचं पाणी मी आणते, वरपर्यंत, कळशीनं. लोक हसतात. बाकीची घरकुलं खालीच झाली, चांगली झाली, रंग लावले, दारात नळ आले. प्रत्येकाला उंबरा आहे. मी प्रत्येकाच्या दारात जाऊन सांगितलं. एकीनं चहा दिला, एकीनं दार लावलं. मी संस्थेचा ठराव केला, धोंड्याखाली आमचं एका विटेचंही बांधकाम होणार नाही. लोक म्हणाले, चेअरमनीणबाईला वारं लागलंय. पाऊस अजून नाही. पुढं येईल का नाही, मला कुठं ठाऊक. सुनेचं लेकरू चांगलं आहे. मुलगी आहे. पाळण्यात पाय असे वर वर उचलून धरते. सगळीच लेकरं धरतात म्हणा.

सगळ्यांना वाटतं मी सुनेला शिकवून आणलं होतं. गावात तशीच गोष्ट झाली, सासूसुनेनं मिळून नाटक केलं म्हणून. मी खोडून काढत नाही. तेच बरं आहे.

इथं मी पत्र संपवलं होतं. घडी घालून पोलक्यात ठेवलं आणि भर दुपारी निघाले, म्हटलं शटरच्या फटीतून आत सरकवावं, तुला पोहोचायचं तर तिथूनच पोहोचेल. परवाच संस्थेच्या बायका म्हणत होत्या, चेअरमनबाई, जुने कॅन आणा की तिथले, नवे कशाला घ्यायचे. मी म्हणाले होते, गंजून गेलेत सगळे. मी बघितलेच नव्हते. त्या राहिलेल्या एका धोंड्याशी आले तर माझे हात आपोआप निऱ्यांना गेले. शटरपर्यंत गेले. फट बोटभर होती. वाकले, आणि कान शटरला लागला.

कॅन गंजलेले नाहीत, माय. चांगले आहेत. पार वर, पत्र्याच्या जवळ, हळूहळू एकमेकाला आपटत होते.

मी पत्र घेऊन तशीच माघारी आले. पिठाच्या डब्याखाली ठेवते आता. मी कुणाला भीत नाही असं जन्मभर सांगत आले. तुला हाक मारायला सुद्धा तोंड उघडलं नाही माझं.